दुभाषीबाईंचा पेला

शिलाई मशीनच्या सुया बनवणाऱ्या त्या कारखान्यात दुभाषीबाईंना सगळे मागून पोपट म्हणायचे आणि समोर बाई. बाईंना दोन्ही माहीत होतं. पोपट तर पोपट, पोपटाला निदान वेळेवर पेरू मिळतो, असं त्या एकदा हात धुता धुता आरशाला म्हणाल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं, चाल थकलेली, पण आवाज खणखणीत. तो असावाच लागायचा. सुयांच्या यंत्रांचा किरकिराट असा की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर पोटातून मारावी लागते, आणि बाईंचं तर सगळं पोटच त्या आवाजावर.

यंत्रं जपानहून आलेली. ती जुळवून द्यायला वर्षातून एकदा तिकडचे एक म्हातारे इंजिनियर यायचे. नुकती निघालेली सुई उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, तिच्या नेढ्यातून ते इतका वेळ बघत राहायचे की कामगारांनी त्यांचं नाव सुईबाबा ठेवलं. सुईबाबा त्यांच्या भाषेत पुटपुटणार, बाई ते आपल्या भाषेत ओरडणार. मग फोरमन ओरडणार आणि बाई ते त्यांच्या भाषेत हळू सांगणार. शिव्या गाळून. हे असं अकरा-बारा वर्षं चाललं होतं.

आता दुभाष्याच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. दुभाष्यानं ‘ते असं म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. ते ‘मी’ म्हणाले की आपणही ‘मी’ म्हणायचं. सुईबाबा म्हणाले की माझे गुडघे दुखतात, तर बाईही म्हणायच्या, माझे गुडघे दुखतात. एकदा एका नव्या कामगारानं ते ऐकून धावत जाऊन स्टूल आणलं आणि बाईंना दिलं. बाईंनी ते सुईबाबांकडे सरकवलं. खरं तर तेव्हा त्यांचेही दुखत होते, पण ते कुणी बोललं नव्हतं, मग भाषांतर कशाचं करणार?

पहिल्या वर्षीचीच गोष्ट. काम संपल्यावर कारखान्याच्या साहेबांनी पाहुण्यांना जवळच्या, जपानी जेवण मिळणाऱ्या एका हॉटेलात दुपारच्या जेवणाला नेलं. सुईबाबांनी पिशवीतून, बनियनमध्ये गुंडाळून आणलेली एक बाटली काढली. साके. तांदूळ आंबवून केलेली तिकडची दारू, दिसायला पाण्यासारखी, नाकाला पिकल्या फळासारखी. त्यांच्या गावातच बनत होती ती, आणि त्यांच्या बायकोनं निवडून दिली होती. त्यांच्याकडे आपला पेला आपण भरत नाहीत, दुसऱ्याचा भरतात. त्यांनी साहेबांचा भरला, मग बाईंचा भरला. बाईंनी उभ्या जन्मात कधी घेतली नव्हती, पण पाहुण्याचा मान म्हणून ओठ लावले. सुईबाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, “आवडली का?”

आणि बाईंनी काय करावं? सकाळपासून तोंडाची गिरणी चालू होती. सवयीनं मान वळवली आणि साहेबांना विचारलं, “आवडली का?”

साहेबांचे तोवर दोन पेले झालेले. ते म्हणाले, “वा! फार आवडली. मला रोज मिळाली तर रोज घेईन. दरवर्षी आणत जा.”

बाई सुईबाबांकडे वळल्या आणि एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हणाल्या, “वा! फार आवडली. मला रोज मिळाली तर रोज घेईन. दरवर्षी आणत जा.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. प्रश्न त्यांनी बाईंनाच विचारला होता आणि उत्तर बाईंनीच दिलं होतं. आपण काय करून बसलो, हे बाईंना पेला पुन्हा भरला जाताना कळलं. पण तेव्हा सांगायचं तर काय सांगायचं? की ते मी बोलले नाही, ते मी बोलले? बाईंनी घटकन पेला रिकामा केला, संपवला की सुटू या हिशेबानं. पण रिकामा पेला त्या लोकांना बघवत नाही. सुईबाबांनी तो पुन्हा भरला. भरलेला तसाच ठेवला असता तर कुणी हात लावला नसता, हे बाईंना पुष्कळ वर्षांनी समजलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून दरवर्षी बाटली येऊ लागली, आणि ती बाईंसाठी येऊ लागली. पाहुणे असतील तितके दिवस रोज दुपारी ती टेबलावर उभी. पेलाभर पोटात गेला की बाईंचे कान तापायचे, मग तोंड, मग मान, सगळं टोमॅटोसारखं लालभडक. छाती धडधडायची. नाक चोंदायचं, हातावर गांधी उठायच्या, आणि वर त्या चोंदलेल्या नाकानं भाषांतर चालूच. साहेबांना त्याची मोठी मौज वाटायची. “बघा, बाईंना चढली!” असं ते म्हणायचे, आणि बाई त्याचंही भाषांतर करायच्या.

घरी गेल्यावर सासूबाई दारातच.

“आल्या का लाल तोंडाच्या महाराणी!”

“आई, कामाचं आहे ते. मी काय हौसेनं घेते?”

“कामाचं! माझ्या लेकानं थेंबाला हात लावला नाही, आणि ही बघा, झुलत आलीय.”

झुलत नव्हत्या त्या, थकून भिंत धरत होत्या. पण म्हातारी बोलता बोलता फडकं ओलं करायची, हातावर ठेवायची, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून खिडकीशी बसवायची. तोंडानं फटके आणि हातानं माया, अशी होती ती. तिचा लेक, म्हणजे बाईंचा नवरा, बरीच वर्षं झाली, छातीच्या दुखण्यानं गेला होता. तेव्हापासून घरात दोघीच, आणि मिळवती एक.

मागच्या वर्षी मात्र वेगळंच झालं. दुसऱ्याच पेल्याला बाईंचा घसा आवळला. कुणी आतून दोरी ओढावी तसा. श्वास शिटी वाजवत यायला लागला. त्या हात धुवायच्या निमित्तानं उठल्या, बेसिनला धरून उभ्या राहिल्या, आणि आपण आता इथेच मरणार असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. हळूहळू सैल झालं ते, पण त्यानंतर कित्येक दिवस आवाज बसलेला राहिला. फोरमन त्यांच्या मागून म्हणाला, “पोपटाला घसा नाही तर पिंजऱ्यात ठेवायचा कशाला?” त्याला विनोद करायचा होता. बाईंना तो पुढे वर्षभर टोचत राहिला.

यंदा पाहुणे यायच्या आधी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि आपला फोन टेबलावर ठेवला.

“हे बघा बाई, तुमचा धाकटा भाऊ. इकडून बोलायचं, तिकडून जपानी निघतं.”

फोन बोलला. बाईंनी ऐकलं. बरं बोलला, वाईट नाही. बाईंनी फोनकडे बघत खुर्ची मागं सरकवली.

“घाबरू नका हो,” साहेब हसून म्हणाले. “फोन काही पेला उचलत नाही. म्हाताऱ्याला तुमच्याबरोबर घ्यायला आवडतं. तो खूश तर यंत्रं खूश. तेवढ्यासाठी तरी तुम्ही लागणारच.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं. पण बाई जिन्यात येऊन थांबल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं परकी भाषा घोकली, तिचे मानाचे शब्द वेगळे, घरचे वेगळे, सगळं जिभेवर बसवलं, आणि नोकरी टिकणार कशावर, तर जे अंगाला सोसत नाही ते घशाखाली घालण्यावर. इकडे आड, तिकडे विहीर. घ्यावी तर घसा जातो, न घ्यावी तर काम.

डॉक्टरांकडे त्या गेल्या त्या म्हणूनच. ॲलर्जीची डॉक्टरीण तरुण होती, पण खमकी.

“दुसरी कुठली दारू घेता?”

“कुठलीच नाही. हीच, पाहुणे आले की.”

“भात चालतो?”

“रोज खाते.”

“मग तांदळाला नको दोष द्यायला. हे बघा, काही लोकांच्या शरीरात दारू मोडायची ताकद जन्मतःच कमी असते. ती अर्धवट मोडते आणि तीच अर्धवट अंगभर फिरते. म्हणून लाल होता, धडधडतं, डोकं ठणकतं. त्यातून ही आंबवलेली. आंबवताना खाज आणणारं काही काही तयार होतं, त्यानं नाक चोंदतं, गांधी उठतात. ज्या बुरशीनं आंबवतात तिचीच ॲलर्जी आहे का, ते तपासून बघू.”

“हे लाल होणं सवयीनं जाईल, असं साहेब म्हणतात.”

“उंची वाढते का सवयीनं?”

“गरम करून घेतली तर?”

“गरम करा नाहीतर गार करा, दारू ती दारूच.”

“मी आधी खाजेची गोळी घेते. मग तोंड कमी लाल होतं.”

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. “हे कुणी सांगितलं?”

“माझं मीच.”

“गोळी वरचं झाकते, बाई. आत चालायचं ते चालूच राहतं, फक्त तुम्हाला कळत नाही. आणि गोळीची गुंगी, वर दारूची गुंगी. ते पहिलं बंद करा. मागच्या खेपेला घसा आवळला म्हणता ना? ती थट्टा नाही. पुन्हा ओठ सुजले, श्वास जड झाला, तर बेसिनला धरून उभं राहायचं नाही. चारचौघांत ओरडायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.”

“मग औषध काय?”

“घ्यायची नाही, हेच औषध. आणि नुसत्या पेल्यात नसते ती. तिकडच्या रश्शात घालतात, माशावरच्या सॉसमध्ये घालतात. हॉटेलात आधी विचारत जा. सांगायला काय लागतं? मला चालत नाही. एवढंच. तुम्ही तर बोलायचाच पगार घेता.”

बाई पायऱ्या उतरताना हसल्या. दुसऱ्याचं बोलायचा पगार घेते, असं सांगायला हवं होतं तिला. पण त्या परत वर गेल्या नाहीत.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती, शेंगा सोलत होती.

“मग सांग की त्यांना.”

“सांगितलं तर ते फोनला ठेवतील, आई. मला नाही.”

“ठेवू देत.”

“आणि खायचं काय? हवा?”

म्हातारीनं शेंगांचं ताट बाजूला केलं. “मी लेकाला जाताना बघितलंय. तोही म्हणायचा, काही नाही, होईल बरं, काम आहे. आता सुनेला बघायचं नाही मला. माझ्यात तेवढं राहिलेलं नाही.”

हे ती ओरडून म्हणाली असती तर बाईंनी उलट उत्तर दिलं असतं. पण ती हळूच म्हणाली, आणि परत शेंगा सोलायला लागली. बाईंनी पदर तोंडाला लावला, मग त्याही शेंगा सोलायला बसल्या.

यंदाही सुईबाबा आले. आणखी वाकलेले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, ते बाईंनीच तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, नियमाप्रमाणे, माझी बायको गेली असं. आणि पहिल्याच दुपारी त्याच हॉटेलात बनियनमधून बाटली निघाली.

बाईंनी गोळी घेतली नव्हती. बसल्याबरोबर त्यांनी वेटरला बोलावून विचारलं, सूपमध्ये, माशावरच्या सॉसमध्ये दारू आहे का? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, सूपमध्ये नाही, सॉसमध्ये आहे थोडी. “मग मला साधा मासा आण, नुसता भाजलेला.” साहेबांच्या भुवया वर गेल्या. बाईंच्या छातीत पेला न घेताच धडधडत होतं.

सुईबाबांनी साहेबांचा पेला भरला. मग बाटली बाईंकडे आणली. बाईंनी आपल्या पेल्यावर हात ठेवला.

“मला चालत नाही,” त्या जपानीत म्हणाल्या. “माफ करा. माझ्या शरीराला ही सोसत नाही.”

बाटली हवेतच राहिली. “प्रकृती बरी नाही का आज?”

इथे पळवाट होती. हो म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावला असता, उद्याचं उद्या. बाईंना ती वाट दिसली आणि त्या तिथे क्षणभर थांबल्याही.

“आजच नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच सोसली नाही. मागच्या वर्षी घसा बंद होत आला होता.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. त्या दिवशी आवडली म्हणाले, ते साहेबांचं उत्तर होतं. तुम्ही मला विचारलंत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

म्हाताऱ्यांनी बाटली खाली ठेवली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावरून एकदा अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा बघून बाईंना वाटलं, आपण यांचं काहीतरी मोडलं. त्यांची बायको दरवर्षी विचारायची, असं ते एकदा म्हणाले होते, त्या बाईंची बाटली घेतली का?

“काय झालं?” साहेब म्हणाले. “काय बोलताय तुम्ही दोघं? बाई, मला सांगा तर खरं.”

बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी सुईबाबाच साहेबांकडे वळून बोलू लागले. हळू, एकेक वाक्य, जसं ते यंत्राबद्दल बोलायचे. आणि बाईंनी ते सांगायचं होतं. दुसरं कोण सांगणार?

“या बाईंना मी इतकी वर्षं आजारी पाडलं,” बाई साहेबांना म्हणाल्या. “लाल झालेलं तोंड मला दिसत होतं. मला वाटलं, आनंदानं झालंय. मला आनंद बघायचा होता, म्हणून तो दिसला.”

बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

“तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही हसलात, मी पेला भरला. दोघांनीही त्यांना विचारलं नाही. मला फार लाज वाटते.”

साहेब आधी पांढरे पडले, मग लाल झाले. न पिताच. “सांगा त्यांना,” ते म्हणाले, “त्या मला कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी काय राक्षस आहे?”

“त्या मला कधी बोलल्या नाहीत,” बाईंनी जपानीत सांगितलं. “बोलल्या असत्या तर मी काय राक्षस आहे?”

दोन पुरुष एकमेकांशी बाईंबद्दल बोलत होते, आणि मधे बसून दोघांच्या तोंडचं बाईच बोलत होत्या. अति झालं आणि हसू आलं, तसं त्यांना हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

“त्यांना काय हवंय, विचारा,” सुईबाबा साहेबांना म्हणाले, आणि बाईंनी तेही सांगितलं, “त्यांना काय हवंय, विचारा.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. “काय हवंय, बाई?”

काय हवंय? बाईंनी विचार केला. समोर भाजलेला मासा, भात, सूप. वाफ निघत होती. इतक्या वर्षांत या टेबलावरचं काही त्यांनी गरम खाल्लं नव्हतं. दुसरे खात असताना दुभाष्याचं तोंड रिकामं लागतं. लोक चावतात, तो बोलतो, आणि लोकांचं पोट भरलं की उठायची वेळ होते.

“मला जेवायचंय,” त्या म्हणाल्या. आधी इकडच्या भाषेत, मग तिकडच्या. “कुणाचं काही न बोलता. माझं पोट भरेपर्यंत.”

आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.

काही वेळ टेबलावर नुसता चमच्यांचा आवाज. मग साहेबांना ते असह्य झालं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मधे ठेवला. बाईंनी एकदा फोनकडे बघितलं. पण मासा गरम होता, त्यांनी घास घेतला. साहेब फोनशी काही बोलले, फोन सुईबाबांशी बोलला, सुईबाबा फोनशी वाकून बोलले. बाईंच्या कानांना सगळं ऐकू येत होतं. फोन बरा चालला होता. काम जाणार, त्यांच्या मनात आलं. मग आलं, जाऊ दे. त्यांनी भातावर सूप ओतलं.

मग सुईबाबा काही लांबलचक बोलले. गेलेल्या बायकोबद्दल, पुढच्या वर्षाबद्दल, आपल्या गुडघ्यांबद्दल. फोन साहेबांना म्हणाला, “माझी बायको पुढच्या वर्षी येईल, तिचे गुडघे आता चांगले आहेत.”

ती वारल्याचं साहेब विसरून गेले होते, ते मान डोलावून आनंदानं म्हणाले, “वा, वा, जरूर आणा त्यांना!” फोननं ते तिकडे पोचवलं. म्हातारे थिजून त्यांच्याकडे बघत राहिले.

काहीतरी बिनसलं, एवढं साहेबांना कळलं. त्यांनी फोन उचलला, हलवला, परत ठेवला. मग ते बाईंकडे वळले. “बाई... काय म्हणाले हो ते?”

बाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी डावा हात वर केला. थांबा.

साहेब थांबले. सुईबाबाही थांबले. बाई सावकाश चावत राहिल्या.